नावेत गळलेला गॅस खिडकीतून जात नाही

बडोद्यात आता घरोघरी पाइपचा गॅस आहे. तो हवेपेक्षा हलका, वजनाला जवळजवळ निम्मा. वास आला की खिडक्या उघडायच्या, गॅस वरून निघून जातो. हीच सवय घेऊन नर्मदाकाठच्या चांदोदला नावेत शेगडी आणि सिलिंडर चढवणं मात्र धोक्याचं आहे.

सिलिंडरमधला एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड असतो. गळला की तो फळ्यांखालच्या पोकळीत उतरतो आणि तिथंच साचून राहतो, कारण नावेच्या तळाला बाहेर जायला वाटच नसते. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. आणि बॅटरी, पंप, इंजिनाचा स्टार्टर हे सगळं नेमकं खालीच असतं.

म्हणून सिलिंडर आत नकोच. तो उघड्यावर, उभा आणि घट्ट बांधलेला हवा. आडवा पडला तर रेग्युलेटरमध्ये द्रवरूप गॅस शिरतो. पेटीत ठेवायचा असेल तर पेटीच्या तळाला थेट नावेबाहेर उघडणारं भोक ठेवा, तेही पाण्याच्या पातळीच्या वर. पेटीतून नावेच्या आत एकही फट नको. जोड साबणाच्या पाण्यानं तपासा, काडी ओढून कधीही नाही. स्वयंपाक झाल्यावर बर्नर पेटता ठेवून आधी रेग्युलेटर बंद करा, म्हणजे नळीतला गॅस जळून जातो.

वास आलाच तर रेग्युलेटर बंद करून माणसं काठावर उतरवा. इंजिन, दिवा, मोबाइल, पंप, कशालाही हात लावू नका. मग फळ्या काढा आणि प्लॅस्टिकच्या बादलीनं तळातला गॅस पाण्यासारखा उपसून बाहेर टाका. दिसायला हे वेडेपणाचं वाटतं, पण जड गॅस तसाच निघतो.

कोळसा किंवा इंधन जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडची तऱ्हा वेगळी. त्याला वास नाही, आणि वजन हवेइतकंच असल्यानं तो सगळीकडे मिसळतो. थंडीत ताडपत्री चारी बाजूंनी ओढून आत कोळशाची शेगडी ठेवणं मला सर्वांत भयंकर वाटतं. पेट्रोलचा जनरेटरही तितकाच वाईट. नाव पुढे जात असताना फक्त मागची ताडपत्री उघडी असेल, तर इंजिनाचा धूर मागून आत ओढला जातो. त्यामुळे पुढची बाजूही उघडी ठेवून वारा आरपार खेळू द्या.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर आली की ‘बोट लागली’ असं समजून माणसाला आत झोपवतात. एकाच वेळी दोघातिघांना तसं होत असेल, उघड्यावर आल्यावर बरं वाटत असेल, तर हाच गॅस समजा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. विषारी झालेलं रक्तही त्यात चांगलंच दिसतं. रुग्णाला मोकळ्या हवेत आणून १०८ला फोन करा, त्याला ऑक्सिजन लागतो.

अलार्म दोन वेगळे घ्या. एलपीजीचा खाली, फळ्यांजवळ पण पाणी लागणार नाही असा. कार्बन मोनॉक्साइडचा बसलेल्या किंवा झोपलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला. दुसरा घेताना खोक्यावर ईएन ५०२९१-२ हा युरोपीय मानकाचा क्रमांक पाहा. घरगुती अलार्मवर शेवटी १ असतो, तो नावेच्या हादऱ्यांसाठी आणि दमटपणासाठी नाही.