पथ्याच्या यादीत मिसरी नव्हती

द्राक्षाचा हंगाम आला की सुरगाणा, पेठकडची कुटुंबं आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या बागांवर कामाला येतात. उपकेंद्राच्या नोंदवहीत गरोदर माता एकदम वाढतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. यंदा तिथे आशाताईंनी सातव्या महिन्यातली एक मुलगी आणली, सोबत सासू. एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ७.४. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, ७ च्या खाली तीव्र. ही अगदी काठावर होती.

काय खाते विचारलं, तर सासूबाईंनी काय खात नाही तेच सांगितलं. पपई नाही, केळं नाही, द्राक्षं नाहीत. अंडं उष्ण, दही थंड, म्हणून तेही नाही. भाकरी एका वेळी एकच, बाळ मोठं झालं तर अडेल म्हणून. आपण सुनेला जपतोय याची त्यांना खात्री होती, आणि जपत होत्याच.

मुलगी बोलायला लागली तेव्हा तिचे काळे पडलेले दात दिसले. "मिसरी लावतेस का गं?" सकाळी, दुपारी, झोपताना. सासूबाई लगेच म्हणाल्या, "सिस्टर, ती काय खायची वस्तू हाय का?"

माझ्या काळजात चर्र झालं. एवढ्या कडक पथ्यात फळं बंद होती आणि भाजलेली तंबाखू चालू होती. हिरडीतून निकोटीन थेट रक्तात जातं, बाळाचं वजन कमी भरतं, दिवस भरायच्या आधी बाळंतपण होऊ शकतं. त्यात लोहाची गोळी ती चहाबरोबर घ्यायची. चहामुळे ते लोह अंगी फारसं लागत नाही.

सासूबाईंना बाजूला घेतलं. सुनेदेखत त्यांना समजावणं बरं दिसलं नसतं. म्हटलं, मावशी, कच्च्या पपईचं तुमचं बरोबर आहे, तिचा चीक नकोच, पिकलेली चालते. द्राक्षं झाडावरून तोडून तशीच तोंडात टाकू देऊ नका, फवारणी असते; वाहत्या पाण्यात चोळून धुवा. दूध उकळूनच. मटण, मासे, अंडं पूर्ण शिजलेलं. चहा कमी करा, जेवणाला आणि गोळीला लागून तर नकोच; त्यापेक्षा पालेभाजीवर लिंबू पिळा.

हे सगळं त्यांनी मान डोलावत ऐकलं. भाकरीवर मात्र ठाम राहिल्या. मग हळूहळू कळलं, त्यांची नणंद पाड्यावर बाळ अडून गेली होती, गाडी मिळेपर्यंत. त्या भीतीला अडाणीपणा म्हणणारे मला आवडत नाहीत. मी एवढंच सांगितलं की उपाशी ठेवून अडणं टळत नाही. बाळ आडवं आहे का, वाट अरुंद आहे का, ते तपासणीत बघता येतं. पण अंगात रक्त नसलं तर बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तरी जिवावर बेततं. दवाखान्यात नेण्याची गाडी १०८ वर कशी बोलवायची, तेही त्यांच्याकडून म्हणवून घेतलं.

मुलीला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, सलाईनमधून लोह दिलं. पुढच्या ९ तारखेला एचबी ९.१ भरलं. आता नागलीच्या दोन भाकऱ्या आणि उडदाची आमटी पोटात जाते. अंड्याला सासूबाईंचा होकार अजून नाही. मिसरी आता फक्त सकाळची उरली आहे. डबी सासूबाईंच्याच कनवटीला असते, त्यामुळे बागेवर गेले की आता मी आधी त्यांच्याच मिसरीचं विचारते.