खात्यापित्या घरचा माणूस

आज दादाला तपासणीला घेऊन गेले होते. डॉक्टरबाईंनी वजनकाट्याआधी टेप काढली. पोट १०४ सेंटीमीटर. आपल्याकडे पुरुषांना ९०, बायकांना ८० ही मर्यादा धरतात. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, २९.८.

"म्हणजे तिसाच्या आत आहे ना?" दादाने आशेने विचारलं.

नाही रे दादा. भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. तेवढ्याच वजनाला आपल्या अंगात चरबी जास्त असते, आणि ती साठते पोटात. मग मधुमेह, रक्तदाब, हृदय.

घरी येऊन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला २००९ चा अभ्यास पुन्हा वाचला. सुमारे ९ लाख माणसं, बहुतेक युरोप-अमेरिकेतली. बीएमआय ३० ते ३५ असेल तर आयुष्य साधारण २ ते ४ वर्षांनी कमी, ४० ते ४५ असेल तर ८ ते १० वर्षांनी. जवळपास सिगारेटइतकंच नुकसान!

आमचे बाबा ५४व्या वर्षी गेले. हार्ट अटॅक. त्यांच्या पोटाकडे बघून सगळे कौतुकाने म्हणायचे, खात्यापित्या घरचा माणूस. एकानेही कधी टेप लावली नाही, आम्हीसुद्धा नाही. हे फार लागतं मनाला.

रात्री जेवणानंतर दादाने न बोलता चपला घातल्या. मीही निघाले त्याच्याबरोबर.