पीसी रीस्टार्ट प्रकरण, अपडेट: टक आवाज आणि एसएमपीएस

मंडळी, माझा पीसी अधूनमधून आपोआप रीस्टार्ट व्हायचा, त्याचं कारण सापडलं! रॅम नाही, बोर्ड नाही, ग्राफिक कार्ड पण नाही. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) आहे, आणि तो उघडा पाडला युपीएसनं.

मागच्या वेळी सांगितलं तसं मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) रात्रभर चालला, एक एरर नाही. एक्सएमपी (रॅम जास्त स्पीडला चालवायची सेटिंग) बंद करून झालं, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून झाली, टेंपरेचर नॉर्मल. तरी दुपारी रेंडर लावला की मशीन धाडकन बंद आणि आपोआप परत चालू. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजचा लॉग) तेच ते, कर्नल-पॉवर ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होता गेलं, बगचेक कोड (क्रॅशचा कोड) ०, मिनिडंपचा म्हणजे क्रॅशच्या फाइल्सचा फोल्डर रिकामा. रॅम किंवा ड्रायव्हर गंडला तर बहुतेक वेळा निळी स्क्रीन येते, काहीतरी कोड पडतो, इथं विंडोजला लिहायलाच वेळ मिळत नव्हता म्हणजे पॉवरच जात होती. नवी पेठेतल्या एका दुकानात तर लॉग न बघताच बोर्ड बदला म्हणाले, असल्या ठिकाणी मशीन ठेवूच नका.

मग प्राइम९५ आणि फरमार्क (प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डवर फुल लोड टाकणारे प्रोग्रॅम) एकदम लावले तर निवांत चालले, आणि हेच लई चक्रावणारं, वॅट कमी पडत असते तर इथंच पडायला पाहिजे होतं. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाईन ११.९ च्या आसपास, ११.४ पर्यंत चालतं म्हणजे ती पण ओके. मीटर धरून बसलो होतो तेवढ्यात युपीएसमधून टक आवाज आला आणि त्याच क्षणी स्क्रीन काळी!

तो टक म्हणजे आतला रिले (विजेवर चालणारा स्विच). लाईनचं व्होल्टेज पडलं की लाईन इंटरॅक्टिव्ह प्रकारचा युपीएस बूस्टवर (व्होल्टेज वाढवून देणं) नाहीतर बॅटरीवर जातो आणि त्या बदलात काही मिलिसेकंद आउटपुट तुटतं. तेवढा वेळ एसएमपीएसनं आतल्या मोठ्या कपॅसिटरवर (चार्ज साठवणारा भाग) काढायचा असतो, एटीएक्सच्या (पीसी पॉवर सप्लायचं स्टँडर्ड) हिशोबानं चांगला एसएमपीएस १६ मिलिसेकंद तरी काढतो. कपॅसिटर सुकला की हा वेळ घटतो, आणि लोड जास्त तेवढा अजून घटतो. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० डिग्री वाढीला ढोबळमानानं निम्मं होतं. दुपारी गल्लीत कूलर, एसी, लूम सगळं चालू त्यामुळं व्होल्टेज पडतं, रात्री लाईन चांगली आणि मेमटेस्टला लोड पण कमी, म्हणून तो पास होत होता.

खात्री करायला युपीएसचा भिंतीतला प्लगच खेचला. नुसतं डेस्कटॉप असताना मशीन चालू राहतं, फुल लोडला खेचला की लगेच गेलं. मित्राचा एसएमपीएस लावून फुल लोडला तेच केलं, हललं पण नाही राव! लई समाधान वाटलं.

आता १०५ डिग्रीवाले कपॅसिटर असलेला नवा एसएमपीएस घेणार. जुना भंगारात टाकणार होतो पण लिहिता लिहिता वाटतंय, तो मोठा कपॅसिटर काढून मोजायचा आणि मावेल तसा नवा टाकून दुसऱ्या मशीनला वापरायचा. ज्यांना करायचंय त्यांनी आधी तो डिस्चार्ज झालाय का मीटरनं बघा, प्लग काढला तरी ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. कपॅसिटन्स मोजायला बरा मीटर कोणता घेतलाय तुम्ही लोकांनी? माझ्या मल्टिमीटरची रेंज एवढी जात नाही.