सांगणाऱ्यांची वही

माझ्याकडे एक वही आहे. लांबट, रेघांची, पुठ्ठा सुटायला आलेली. तिच्यात मी वाचायच्या पुस्तकांची नावं लिहून ठेवते. यात विशेष काही नाही, अशा याद्या पुष्कळजण करतात आणि दुसऱ्या पानावर थकतात. माझ्या वहीत एक रकाना जादा आहे, एवढंच. पुस्तकाचं नाव, लेखक, आणि त्यापुढे 'कोणी सांगितलं'.

हा रकाना काही कृतज्ञतेपोटी आलेला नाही. एकदा एक भिकार कादंबरी चारशे पानं रेटून संपवली आणि ती आपल्या गळ्यात कोणी मारली तेच आठवेना. गुन्हेगाराचा छडा लागलाच पाहिजे, अशा सात्त्विक संतापात मी पट्टी घेऊन ती तिसरी रेघ मारली. आज वही उघडली की पुस्तकांच्या आधी माणसंच दिसतात. मावशी. ऑफिसातले जुने साहेब. भाचा. 'प्रवासात शेजारी बसलेल्या बाई.' एका ओळीत 'दातांचे डॉक्टर' असं आहे आणि पुढे प्रश्नचिन्ह. त्यांनी पुस्तक सुचवलं तेव्हा माझं तोंड उघडं होतं आणि आत दोन हत्यारं होती. परत विचारायची सोय नव्हती. त्या नावाचं पुस्तक मला अजून सापडलेलं नाही.

कोणी विचारलं की 'काहीतरी चांगलं सुचव ना, वेगवेगळं', तर मी खूश होते आणि लगेच सावधही होते. 'वेगवेगळं' हा शब्द फसवा आहे. मागणाऱ्याला बहुतेक वेळा आवडलेलंच पुन्हा हवं असतं, फक्त मुखपृष्ठ वेगळं. रहस्यकथा वाचणाऱ्याला दुसरी रहस्यकथा. चरित्रं वाचणाऱ्याला आणखी एक मोठा माणूस, लहानपणी गरीब असलेला. मी स्वतःही वर्षानुवर्षं अशीच वाचत आले होते. खरी सरमिसळ झाली ती या वहीमुळे, कारण सांगणाऱ्यांचं एकमेकांशी काही ठरलेलं नसतं. शेअर बाजारात बुडालेला माणूस, नुकतीच आजी झालेली बाई आणि बुद्धिबळाच्या नादी लागलेलं पोरगं, हे तिघं एकाच आठवड्यात भेटले तर वहीच्या तीन ओळी अशा तयार होतात की शहाणा माणूस आपणहून तशा लिहिणार नाही.

एक पान तर मला पाठ झालंय. त्यावर एकाखाली एक तीन पुस्तकं आहेत, सांगणारे तिघं, तिघांनी एकमेकांना जन्मात पाहिलेलं नाही. पहिलं, विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. दुसरं, विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. तिसरं, प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंगढांग'. मी ती त्याच क्रमाने वाचली, तेही केवळ ओळीत होती म्हणून. गोडसे भटजी दक्षिणा मिळेल म्हणून कोकणातून उत्तरेकडे पायी निघतात आणि नेमके १८५७ च्या वणव्यात सापडतात. बेडेकरांची १९३९ साली आलेली कादंबरी महायुद्धाच्या तोंडावर युरोप सोडून निघालेल्या बोटीवर घडते. आणि पेंढारकरांची माणसं हिमालयात कडे फोडून रस्ता करताहेत. पायवाट, बोट, रस्ता. तिसऱ्या पुस्तकात पहिला सुरुंग उडाला तेव्हा माझ्या डोक्यात गोडसे भटजीच होते, पडशी खांद्याला लावून रस्त्याच्या कडेला थांबलेले. ही जोडणी कुठल्याही समीक्षकाने केलेली नाही, करूही नये. ती माझ्या वहीतल्या तीन ओळींनी परस्पर करून टाकली.

गोडसे भटजींचं पुस्तक सांगणारे ते जुने साहेब. अबोल माणूस. त्यांनी 'फार सुंदर पुस्तक आहे' वगैरे काही म्हटलं नाही. फाइलवर सही करता करता एवढंच म्हणाले, "झाशी पडल्यावर तिथल्या ग्रंथसंग्रहाचं काय झालं ते त्यात आहे." आणि फाइल परत दिली. मी त्याच आठवड्यात ते पुस्तक मिळवलं. १८५७ चं एवढं सगळं आपण ऐकलेलं असतं, तलवारी, घोडे, तोफा. पण लुटीत पोथ्यांचं काय होतं हा प्रश्न मला कधी पडलेलाच नव्हता. त्या नासधुशीचं वर्णन भटजींनी ज्या हळहळीने केलंय, ती ज्याला पोथीची किंमत कळते त्याचीच हळहळ आहे. आधी लुटीची धामधूम, माणसं मारली जाताहेत, आणि त्यातच हे. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. साहेबांनी ती एक ओळ माझ्यासाठी निवडून काढली होती की सहज बोलून गेले, हे विचारायचं राहून गेलं. ते निवृत्त झाले. वहीत त्यांच्या नावावर तेवढं एकच पुस्तक आहे.

तेव्हापासून माझा एक आडाखा झालाय. स्तुती ऐकू आली की मी पेन काढत नाही. 'अप्रतिम', 'एकदा हातात घेतलं की सोडवत नाही', 'आयुष्य बदलून टाकणारं' हे शब्द कुठल्याही पुस्तकाला चिकटतात, म्हणजेच कुठल्याच पुस्तकाचे नसतात. पण सांगणाऱ्याने एखादी बारीकशी गोष्ट सांगितली की मी पाघळते. मावशीने लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' सुचवताना म्हटलं होतं, "अगं, तो नवरा कधी घरातून उठून निघून जाईल नेम नाही, आणि ही बाई त्यावर हसते. मला तिचा रागच यायचा आधी." या 'आधी'वर मी ते पुस्तक वाचलं. नंतर काय झालं ते मावशीने सांगितलं नाही आणि मीही इथे सांगणार नाही.

सगळ्यात पक्की शिफारस मात्र मला न बोलता मिळाली. कॉलेजात एक मित्र अचानक विचित्र बोलायला लागला. "आज उदाहरणार्थ मी जेवलो नाही." "उदाहरणार्थ परीक्षा वगैरे." प्रत्येक वाक्यात एक उदाहरणार्थ, शेपटाला वगैरे. आठवडाभर आम्ही त्याची टर उडवली, मग हळूच एकेकाने विचारलं की हे आलं कुठून. १९६३ साली आलेली 'कोसला' आमच्या पिढीपर्यंत अशी पोचली, पडशासारखी, एकाकडून दुसऱ्याला. महिनाभराने आमचा सगळा घोळका उदाहरणार्थ तसाच बोलत होता. वहीच्या रकान्यात मी त्या मित्राचं नाव लिहिलंय खरं, पण तो आजही शपथेवर सांगेल की त्याने कोणाला काहीच सुचवलं नव्हतं.

रहस्यकथा सुचवणाऱ्यांबद्दल बोलायचं मी टाळत होते, पण राहवत नाही. "मी काही सांगत नाही हं, पण शेवटपर्यंत कळणार नाही!" असं म्हणणारा माणूस सगळं सांगून मोकळा झालेला असतो. मग मी पहिल्या पानापासून सगळ्यात निरुपद्रवी पात्राकडे संशयाने बघायला लागते. आजारी आत्या, विसरभोळा माळी. आणि दहातल्या सहा वेळा तोच निघतो. माझ्या भाच्याला मी ताकीद दिली आहे की नाव सांगायचं, खोलीबाहेर जायचं.

आणखी एक जमात आहे, न वाचलेलं पुस्तक सुचवणाऱ्यांची. हसू नका, आपण सगळेच तिच्यात आहोत. स्टीफन हॉकिंग यांचं काळाचा इतिहास सांगणारं पुस्तक १९८८ मध्ये आलं. पुस्तकातल्या प्रत्येक समीकरणागणिक खप निम्मा होईल असं त्यांना कोणी तरी बजावलं होतं, म्हणून त्यांनी आइन्स्टाइनचं एकच समीकरण ठेवलं. खप अफाट झाला. वाचून किती जणांनी संपवलं हा वेगळा विषय, आणि तो एका गणितज्ञाने गमतीने काढलाच. जॉर्डन एलेनबर्ग यांनी २०१४ मध्ये 'हॉकिंग निर्देशांक' मांडला. ई-पुस्तकात वाचकांनी सर्वाधिक खुणा केलेल्या ओळी कितव्या पानांवर आहेत ते पाहायचं आणि त्या पानांची सरासरी एकूण पानांच्या किती टक्के येते ते काढायचं. खुणा शेवटापर्यंत विखुरलेल्या असतील तर लोक तिथवर पोचले असावेत, सगळ्या सुरुवातीलाच दाटल्या असतील तर काय ते समजा. हॉकिंग यांच्या पुस्तकाचा आकडा ६.६ टक्के निघाला. त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी असलेल्या थॉमस पिकेटी यांच्या भांडवलावरच्या जाडजूड ग्रंथाचा २.४. एलेनबर्ग यांनी हे शास्त्र नाही, मौज आहे, असं स्वतःच म्हटलेलं आहे. तरी मी तो आकडा वाचला आणि माझ्या कपाटाकडे पाठ करून बसले.

फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांची यादी केली. त्यात पानं गाळायचा हक्क आहे, पुस्तक अर्ध्यावर सोडायचा हक्क आहे, मुळात न वाचण्याचा हक्क तर सगळ्यात पहिला. मला ही यादी मनापासून पटते, पण तिच्यात एक उणीव आहे. सुचवलेलं पुस्तक सोडलं की ते सुचवणाऱ्यापासून लपवायचं कसं, त्यावर पेनाक गप्प आहेत. कारण सुचवणारा विचारतोच. "वाचलंस का?" या प्रश्नाइतकी साधी आणि जीवघेणी दोन अक्षरं मी ऐकलेली नाहीत. (दोन शब्द म्हणायचं होतं. माझी एक शिक्षिका मैत्रीण हे वाचणार आहे.) त्यातून पुस्तक त्याने स्वतःचं आणून हातात दिलं असेल तर संपलंच. ते टेबलावर पडून रोज आपल्याकडे बघतं, आणि आपण त्याच्यावर चुकूनही पाण्याचा ग्लास ठेवत नाही.

ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडणारे रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकातला दुसरा सिद्धांत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तिसरा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वरवर एकच गोष्ट उलटसुलट सांगितल्यासारखी वाटते. पण दुसऱ्यात माणूस पुस्तक शोधतो आणि तिसऱ्यात पुस्तक माणसाची वाट बघतं. माझे साहेब तिसऱ्या सिद्धांतातले होते. चौथा सिद्धांत, वाचकाचा वेळ वाचवा. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ नऊशे पानांच्या आतलं काही सुचवतच नाहीत, त्यांना हा चौथा सिद्धांत मी फ्रेम करून देणार आहे.

इतकं सगळं बोलले, पण वहीची मागची बाजू अजून दाखवलेली नाही. वही उलटी धरून शेवटच्या पानापासून मी दुसरी यादी सुरू केली होती, मी कोणाला काय सांगितलं त्याची. ती फार वाढली नाही. एकाने 'हलकंफुलकं दे' म्हटलं होतं आणि मी त्याला दया पवारांचं 'बलुतं' दिलं. पुस्तक थोर, पण हलकंफुलकं मुळीच नाही, आणि त्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि टाके ताजे होते. असल्या नोंदी परत वाचवत नाहीत.

त्यातून धडा घेऊन मी आता सुचवण्याआधी एक प्रश्न विचारते. काय आवडतं, हे विचारत नाही, कारण त्याला लोक शोभेल असं उत्तर देतात. अर्ध्यावर कुठलं सोडलंस, ते विचारते. सोडलेल्या पुस्तकाबद्दल माणूस खरं बोलतो. कंटाळला, घाबरला, की लेखक फार शहाणपणा शिकवायला लागला म्हणून चिडला, यावरून त्याला काय द्यायचं ते बरंचसं कळतं.

परवा त्याच शिक्षिका मैत्रिणीचा फोन आला. सुट्टी लागतेय, चार-पाच पुस्तकं सांग, सगळी एकासारखी एक नकोत. मी पेन उघडलं आणि ठरलेला प्रश्न टाकला, शेवटचं अर्ध्यावर काय सोडलंस?

"तू सांगितलेलं," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी. त्या सहाशे पानांच्या कादंबरीवर तू केवढी बोलली होतीस."

मी वही उलटी केली. नोंद होती, तारखेसकट. पुढे 'अप्रतिम!' असंही माझ्याच अक्षरात. आवाज शक्य तितका शांत ठेवून मी विचारलं, "कितव्या पानावर सोडलंस?"

"एकशे बारा."

फोन कानाशी धरूनच मी कपाटातून ती कादंबरी काढली. खुणेचा कागद होता तिथेच होता. पान ९६.