सावडाव: गोव्याच्या वाटेवरचा धबधबा

पावसाळ्यात मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्या कणकवलीचा उड्डाणपूल ओलांडून सरळ सावंतवाडी गाठतात. आंबोली सगळ्यांना ठाऊक असते. तिच्या कितीतरी अलीकडे, कणकवली तालुक्यातच सावडावचा धबधबा आहे, पण सिंधुदुर्गाबाहेर त्याचं नाव क्वचितच ऐकू येतं. आम्ही जुलैत, मधल्या वारी सकाळी लवकर गेलो आणि बराच वेळ तिथे आमच्याशिवाय कुणीच नव्हतं.

नांदगाव सोडून कणकवलीकडे येताना सावडावचा फाटा लागतो. महामार्ग चौपदरी झाल्यापासून गाड्या सुसाट जातात, त्यामुळे नांदगावपासूनच वेग कमी ठेवा आणि पाटीवर लक्ष असू द्या. आत पाच-सहा किलोमीटर अरुंद गावरस्ता आहे. लावणीचे दिवस असतात, वळणावर गुरं किंवा डोक्यावर तरवा, म्हणजे भाताची रोपं, घेतलेली माणसं समोर येतात. घाई करू नका.

सावडावचं खरं वैशिष्ट्य त्याची रुंदी. पाणी एका धारेत पडत नाही. काळ्या कातळावर पसरून, टप्प्याटप्प्याने फुटत खाली येतं. त्यामुळे पाण्याचा मार सोसवतो आणि अगदी कातळाला पाठ लावून बसता येतं. मी तसाच बसलो होतो. हाताशी एका खाचेत बोटाएवढी कुर्ली (खेकडा) नांग्या रोवून होती. वरून पाणी कोसळत होतं, तरी ती तसूभर हलली नाही. चारी बाजूंनी दाट झाडी आणि पाण्याच्या आवाजाखेरीज दुसरं काही नाही. मला हे आंबोलीच्या गर्दीपेक्षा कितीतरी जास्त आवडलं.

खालचा कोंड (डोह) फारसा खोल नाही, म्हणून कुटुंबं लहान मुलांना घेऊन येतात. तरीही पाण्यात उतरण्याआधी वरच्या बाजूचं आभाळ बघा. इथे ऊन असलं तरी वर पाऊस झाला तर व्हाळ (ओढा) झपाट्याने फुगतो. गावातल्या एका काकांनी आम्हाला बजावलं, "पाणी गढूळ झाला की लगेच भायर येवा." पाण्याचा रंग बदलला, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या की सामान आवरायलाही थांबू नका. धबधब्याच्या माथ्यावर चढणं टाळाच, शेवाळावर पाय ठरत नाही. चपला नकोत, पकड असलेली मागून बंद सँडल घाला. पायाला जखम असेल तर काठावरच बसा. सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा आजार) रुग्ण आढळतात. नंतर ताप आला तर पाण्यात उतरला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

जून संपता संपता पाणी धरतं, जुलै-ऑगस्ट उत्तम. दिवाळीनंतर मुद्दाम वाट वाकडी करू नका. कोल्हापूरकरांना राधानगरी-दाजीपूर-फोंडाघाट हा रस्ता सोयीचा, फक्त दरड कोसळलेली नाही ना याची निघण्यापूर्वी चौकशी करा. रेल्वेने येणाऱ्यांनी कणकवलीला उतरून जाऊन-येऊन रिक्षा ठरवावी. परतीला तिथे वाहन मिळेल या भरवशावर राहू नये. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, तेही पाहून ठेवा.

गावातर्फे शुल्क मागितलं तर द्या आणि पावती घ्या. बाटल्या, वेफर्सची पाकिटं परत गाडीत टाका, कारण हेच पाणी पुढे कुणाच्या तरी शेतात जातं. कोरडे कपडे आणि खाणं सोबत असू द्या. पोटभर मालवणी जेवण हवं असेल तर कणकवलीत जा, पण दोनच्या आत पोचा.