घानाला जायच्या आधीचे १४ आठवडे: मेडिकल क्लिअरन्स कमी खर्चात कसा केला

घानाच्या उत्तर भागात एका शाळेत सहा महिने व्हॉलंटियर म्हणून शिकवून आले, परत येऊन दोन महिने होतील आता. जायचं मनात असलेले बरेच जण भेटतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, मेडिकलचं कसं केलंस, खूप पैसे गेले का. म्हणून शाळेबद्दल नंतर लिहीन, आधी विमानात बसायच्या अगोदरच्या १४ आठवड्यांबद्दल लिहिते, कारण तिथेच बरेच जण अडकतात आणि माझ्या ओळखीतल्या दोघींनी तर खर्चाच्या धास्तीने जाणंच रद्द केलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आकडे सांगत नाही, ते जागेप्रमाणे बदलतात. पण माझे जे जादा पैसे गेले ते टेस्ट महाग होती म्हणून नाही गेले, क्रम चुकला आणि एकच गोष्ट दोनदा-तीनदा करावी लागली म्हणून गेले.

मला पाठवणाऱ्या संस्थेचा तब्येतीच्या तपासणीचा फॉर्म आला (तो भरून मंजूर झाला की मेडिकल क्लिअरन्स) तेव्हा मी आधी एका खासगी ट्रॅव्हल क्लिनिकला फोन केला. त्यांनी लगेच पॅकेज सांगितलं, सगळ्या तपासण्या, सगळ्या लसी, एकाच दिवशी, फॉर्म पण तेच भरून देणार. ऐकायला फार बरं वाटतं आणि मी जवळजवळ हो म्हणणार होते, पण त्यांची यादी मागवून फॉर्मशेजारी ठेवली तर त्यात सात गोष्टी अशा होत्या ज्या संस्थेने मागितल्याच नव्हत्या. त्यातली एक जी६पीडी ची, म्हणजे रक्तातल्या एका एन्झाइमची टेस्ट. ती लागते प्रायमाक्विन किंवा टॅफेनोक्विन ही मलेरियाची औषधं घेणार असाल तर, आणि मी त्यातलं काहीच घेणार नव्हते. तेव्हा पहिलं काम हे करा, संस्थेला ईमेल करून लेखी विचारा की यातलं सक्तीचं काय, ऐच्छिक काय, तिथे पोचल्यावर तुम्ही कुठल्या लसी देता आणि खर्च परत मिळतो का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. अमेरिकेची पीस कोअर, म्हणजे परदेशात व्हॉलंटियर पाठवणारी सरकारी संस्था, १९६१ पासून चालू आहे, ती सुद्धा तपासणीचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत परत देते, पण पावत्या लागतात. माझ्या संस्थेने दातांचा खर्च आणि एक लस परत दिली, आणि ते फॉर्ममध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नंतरचे दोन आठवडे मी फक्त जुने कागद शोधले. आईने माझं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड एका जुन्या डब्यात जपून ठेवलेलं होतं, घड्यांवर फाटलेलं, शाई उडालेली, पण गोवराची तारीख आणि बीसीजीची, म्हणजे टीबीच्या लसीची, तारीख वाचता येत होती. कॉलेजात असताना हेपॅटायटिस बी चे तीन डोस घेतले होते त्याची नोंद कॉलेजच्या दवाखान्यात सापडली, एक अर्ज दिला, चार दिवसांत शिक्क्यासकट प्रत मिळाली. अशा ज्या लसीची नोंद आहे ती सहसा परत घ्यावी लागत नाही, आणि जिची नोंद नाही पण घेतल्याचं आठवतंय तिथे रक्तातली ॲन्टिबॉडी तपासता येते, त्याला टायटर म्हणतात. हेपॅटायटिस बी साठी आकडा १० (mIU/ml) किंवा त्याहून जास्त आला की झालं. पण प्रत्येक वेळी टायटर स्वस्तच पडतो असं नाही हां, काही ठिकाणी टायटरच्या पैशात लसच मिळते, आणि गोवर-रुबेला सारखी लस आधी घेतलेली असताना परत घेतली तरी त्रास नसतो. दोन्हीचे दर विचारा, मग ठरवा.

माझं गोवर आणि रुबेला ठीक निघालं, कांजिण्यांचं निगेटिव्ह आलं, ॲन्टिबॉडी नव्हतीच. म्हणजे कांजिण्यांचे दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे. हे मला अकराव्या आठवड्यात कळलं असतं तर फ्लाइट पुढे ढकलावी लागली असती, म्हणून रक्ताच्या तपासण्या अगदी सुरुवातीला करा, आणि शक्य असेल तर डॉक्टरांकडून फक्त चिठ्ठी घेऊन लॅबमध्ये स्वतः जा, क्लिनिकमार्फत रक्त पाठवलं की मधले पैसे वाढतात.

आता टीबी. इथे मी सगळ्यात जास्त चुकले त्यामुळे नीट लिहिते. फॉर्मवर होतं मॅन्टू, म्हणजे हातावर सुई टोचून करायची टेस्ट, किंवा रक्ताची इग्रा टेस्ट, दोन्हीपैकी कुठलीही चालेल. मॅन्टू स्वस्त म्हणून मी मॅन्टू घेतली, शुक्रवारी सकाळी ११ वाजता. नर्सने हाताच्या आतल्या बाजूला बारीक सुई जवळजवळ आडवी घातली, कातडीत मटारएवढा पांढरट फुगवटा आला, तिने त्याच्याभोवती निळ्या पेनने गोल काढला आणि म्हणाली, चोळू नका, खाजवू नका, ४८ ते ७२ तासांत दाखवायला या. ४८ तास म्हणजे रविवार, बंद. ७२ तास म्हणजे सोमवार सकाळी ११. मी कामावरून सुटून संध्याकाळी सहाला पोचले. तिने हात हातात घेऊन पाहिला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "ताई, वेळ निघून गेली, आता हे मोजून मी सही करू शकत नाही." गेले पैसे. दुसऱ्यांदा मंगळवारी घेतली, गुरुवारी दाखवायला गेले, तिने लालीकडे लक्षच दिलं नाही, बोटाने चाचपून फक्त कडक झालेल्या भागाची हद्द शोधली, दोन्ही बाजूंना पेनाने खुणा केल्या आणि पट्टी लावली, ११ मिलिमीटर, म्हणजे पॉझिटिव्ह. माझ्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे. डॉक्टर म्हणाले लहानपणी बीसीजी घेतलेल्यांमध्ये असं येऊ शकतं, शिवाय आठवड्यापूर्वीच एक मॅन्टू झालेली असल्याने त्यानेही प्रतिक्रिया वाढलेली असू शकते, आता इग्रा करा. इग्रावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती निगेटिव्ह आली, सोबत छातीचा एक्स-रे, तोही स्वच्छ. म्हणजे एका टेस्टच्या जागी तीन टेस्ट आणि एक एक्स-रे, आणि मधले ते आठ दिवस झोप नीट लागली नाही ते वेगळंच. बीसीजी घेतलेली असेल आणि संस्थेला चालत असेल तर पहिल्यांदाच इग्रा करा. मॅन्टूच करायची असेल तर सोमवार किंवा मंगळवारी घ्या आणि वाचायची वेळ तिथल्या तिथे लिहून घ्या.

अजून एक, जिवंत विषाणूंच्या लसी, म्हणजे गोवर, कांजिण्या, यलो फिव्हर वगैरे, यांच्यामुळे टीबीची टेस्ट काही आठवडे दबू शकते, खोटी निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे टीबीची टेस्ट आधी किंवा त्याच दिवशी, नाहीतर लसीनंतर चार आठवडे थांबायचं. आणि या जिवंत लसी आपसात एक तर एकाच दिवशी, नाहीतर मध्ये चार आठवडे सोडून. मी यलो फिव्हर आणि कांजिण्यांचा पहिला डोस आठव्या आठवड्यात एकाच दिवशी घेतले, एक डाव्या हाताला एक उजव्या, रात्री थोडी कणकण आली, दुसऱ्या दिवशी ठीक. कांजिण्यांचा दुसरा डोस बाराव्या आठवड्यात.

यलो फिव्हरची लस कुठल्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही, अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते, आणि वायल, म्हणजे लसीची बाटली, उघडली की सहा तासांत संपवावी लागते म्हणून बऱ्याच केंद्रांत ठरलेल्या दिवशी माणसं जमवून देतात. अपॉइंटमेंटला वेळ लागतो, लवकर नंबर लावा. सर्टिफिकेट लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होतं. जुनं कार्ड असेल आणि त्यावर १० वर्षांची मुदत लिहिलेली असेल तरी परत पैसे घालू नका, ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी धरलं जातं. अंड्याची गंभीर ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, थायमस या छातीतल्या ग्रंथीचा आजार, किंवा वय ६० च्या पुढे, यातलं काही असेल तर डॉक्टरांशी आधी बोला, ही लस सरसकट सगळ्यांना देत नाहीत. आणि कार्ड हातात आल्यावर तिथेच उभं राहून तपासा. माझ्या कार्डावर केंद्राचा शिक्काच मारायचा राहिला होता, मी दारातून परत फिरले म्हणून बरं.

रेबीजचं मी आधी टाळणार होते, तीच सगळ्यात महाग होती. पण मी जाणार तिथून मोठं हॉस्पिटल बऱ्याच तासांवर, आणि आधी लस घेतलेली असली की कुत्रा चावल्यावर जखम साबणाने धुऊन फक्त दोन बूस्टर लागतात, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार ॲन्टिबॉडीचं इंजेक्शन, लागत नाही, जे लहान गावात मिळणं फार अवघड असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून प्रवासाआधी दोनच दिवसांचं वेळापत्रक मान्य केलंय, पहिला दिवस आणि त्यानंतर सात दिवसांनी, आणि कातडीत द्यायची पद्धत पण, ०.१ मिली दोन ठिकाणी. म्हणजे एका माणसाला एका वेळी ०.२ मिली, तर १ मिलीच्या एका वायलमध्ये चार जणांचं सहज भागतं. आमच्या तुकडीतल्या आम्ही चौघांनी एकत्र वेळ घेतली, तशी लस देणारं केंद्र फोन करकरून शोधलं, आणि वायलचे पैसे वाटून घेतले. एकटीने स्नायूत घेतली असती तर फार जड गेली असती. तुमच्यासोबत कोण जातंय त्यांची नावं संस्थेकडून मागून घ्या, ओळखही होते.

मेनिन्जायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराची, लस घेतली कारण उत्तर घाना सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या त्या मेनिन्जायटिस पट्ट्यात येतं आणि मी कोरड्या मोसमात जाणार होते. टायफॉइड आणि हेपॅटायटिस ए चा पहिला डोस सरकारी केंद्रात झाला, गर्दी होती, अर्धा दिवस गेला, पण पैसे फारच कमी.

दातांना हलकं घेऊ नका. तिथे दाढ दुखली तर माणूस परत पाठवतात, म्हणून एक्स-रे सकट तपासणी मागतात. मी डेंटल कॉलेजच्या ओपीडीत गेले, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आणि मागे तिच्या मॅडम, प्रत्येक दात दोनदा पाहिला. अक्कलदाढ अर्धी वर आलेली होती, काढावी लागली. ती भरून यायला दहा-बारा दिवस गेले, आणि फॉर्मवर "कुठलेही उपचार बाकी नाहीत" असं लिहून सही हवी असते, तेव्हा दातांचं चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या पुढे नेऊ नका.

आणि आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय. मला लहानपणी दमा होता. शेवटचा इन्हेलर ९ वर्षांपूर्वी. एका मुलीने सांगितलं, लिहूच नकोस, लिहिलंस की फाइल लटकते. मी लिहिलं, आणि हो, फाइल तीन आठवडे लटकली, स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची टेस्ट, मागितली. पण मला त्रास झाला असता त्या गावात तर? लपवलेल्या आजारावर विमा पैसे देत नाही आणि माणसाला हलवायला जो खर्च येतो तो कुठल्याही टेस्टच्या कितीतरी पट असतो. तीन आठवडे गेले ते डॉक्टरांनी पहिल्यांदा नुसतं "तब्येत ठीक आहे" असं दोन ओळीत लिहून दिलं म्हणून. दुसरं पत्र मी समोर बसून लिहून घेतलं, शेवटचा त्रास कधी, शेवटचं औषध कधी, कधी ॲडमिट होती का, धुळीत काम करता येईल का, काय झालं तर काय करायचं. चार दिवसांत क्लिअरन्स आला. ज्यांना मधुमेह, थायरॉइड, डिप्रेशन, काही ऑपरेशन झालेलं असेल त्यांनी असं पत्र मागायची वाट न पाहता पहिल्या पाकिटातच घाला.

मलेरियाच्या गोळ्यांसाठी तीन पर्याय सांगितले. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सोपी, परत आल्यावर ७ दिवसच, पण सहा महिन्यांसाठी परवडेना. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, पण फिट्स किंवा मानसिक त्रासाचा इतिहास असेल तर घ्यायची नाही. मी डॉक्सीसायक्लिन घेतली, रोज १०० मिलीग्राम, जायच्या आदल्या दिवसापासून परत आल्यावर चार आठवडे. स्वस्त आहे, फक्त जेवणासोबत आणि ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. एकदा झोपताना घोटभर पाण्यात घेतली तर छातीत दोन दिवस जळजळ. आणि या गोळीमुळे ऊन फार लागतं, पूर्ण बाह्या आणि टोपी हवीच.

अक्रा विमानतळावर उतरल्यावर पासपोर्टच्याही आधी यलो फिव्हरचं ते पिवळं कार्ड मागितलं. अधिकाऱ्याने उघडलं, शिक्क्यावर बोट ठेवलं, तारीख पाहिली, पुढे जा म्हणाला. दहा सेकंद. माझ्या पुढच्या माणसाचं कार्ड चेक-इन केलेल्या बॅगेत होतं, त्याला बाजूला उभं केलं. कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा आणि फोनमध्ये फोटो.

परत आल्यावर डॉक्सीचे २८ दिवस पूर्ण केले, मध्ये एकदा वाटलं आता कशाला, पण केले. वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना घानाचं आधी सांगायचं, हे घरच्यांनाही सांगून ठेवलंय. हेपॅटायटिस ए चा दुसरा डोस सहा महिन्यांनंतर असतो तो गेल्या आठवड्यात झाला. टीबीची परत तपासणी आल्यावर ८ ते १० आठवड्यांनी करतात, माझी पुढच्या बुधवारी आहे, या वेळी थेट इग्रा.