पगारातून कापलेलं हॉस्पिटल

इंग्लंडमधल्या स्विंडनच्या कुठल्याही बसस्टॉपवर उभे राहा, कोकणी कानावर पडतेच. आम्हा गोव्याच्या लोकांचं हे गाव झालंय म्हणा ना. पण आमची चाल ठरलेली: घर ते वेअरहाऊस, वेअरहाऊस ते घर. फॅरिंग्डन रोडवरच्या एका जुन्या इमारतीवरून मी वर्षभर ये-जा केली. ते एकेकाळी हॉस्पिटल होतं, हे परवा शेजारच्या आजोबांकडून कळलं.

"माझे टॉन्सिल्स इथंच काढले. वडिलांच्या पगारातून कापायचे ना पैसे!"

आपल्याकडे ईएसआय कापतात, तसंच. फक्त इथं हे 1847 पासून चालू होतं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्याचा मेडिकल फंड. आधी डॉक्टर आणि औषधं, मग 1870 च्या दशकात हे छोटंसं हॉस्पिटल, पुढे मिल्टन रोडवर मोठा दवाखाना आणि पोहण्याचे तलावसुद्धा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यात दहा हजारांवर माणसं होती, म्हणजे फंडात नाही असं घर शोधावंच लागलं असतं. कुणाचा पाय गेला, तर नवा पायही रेल्वेच्याच कारखान्यात बनायचा. डबे बनवणाऱ्यांना पाय काय जड!

अ‍ॅम्ब्युलन्स म्हटल्यावर मात्र सायरन विसरा. त्या काळी इंग्लंडमधल्या कितीतरी गावांत अपघात झाला, की यायची ती दोन चाकांची हातगाडी: वर स्ट्रेचर, त्यावर कॅनव्हासची टोपडी, आणि ढकलायला माणसं. ही माणसं म्हणजे बऱ्याचदा सेंट जॉन या संस्थेचं प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेले कामगार किंवा पोलीस. दिवसभर हातोडा चालवायचा आणि संध्याकाळी मोडलेल्या हाडाला फळी कशी बांधायची ते शिकायचं. देवी-घटसर्पाच्या रोग्यांसाठी वेगळी घोडागाडी असायची, कारण साथीची भीती सगळ्यांनाच. पाय मोडला तर तो ज्याचा त्याचा! खुद्द लंडनमध्ये काउंटी कौन्सिलची अपघातासाठीची अ‍ॅम्ब्युलन्स 1915 मध्ये आली.

1948 मध्ये एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आली आणि फंड गुंडाळला. ती सुरू करणाऱ्या आरोग्यमंत्री बेव्हननं एनएचएसचा नमुना स्विंडनवरूनच उचलला, असं आजोबा छातीठोकपणे सांगतात. मी म्हटलं, अहो, बेव्हन तर वेल्समधल्या ट्रेडेगर गावचा. तिथंही कामगारांचा असाच फंड होता. यावर त्यांनी चहाचा कप जरा जोरातच खाली ठेवला.